पिशवीतून काय आणलंस? नव्या वर्गात ओळख करून घेण्याची एक रीत

कॉलेजच्या पहिल्या वर्षी पहिल्या आठवड्यातली ओळख बहुतेक तीन प्रश्नांत उरकते. नाव काय, गाव कुठलं, बारावीला किती पडले. नाव संध्याकाळपर्यंत विसरलं जातं. गाव आणि आडनाव ऐकून समोरचा मनातल्या मनात बरंच काही ठरवून टाकतो, आणि उरलंसुरलं मार्कांवरून. नाशिकमध्ये यात आणखी एका प्रश्नाची भर पडते: इथलाच की अपडाऊन करणारा? मग कॉलेज रोड, गंगापूर रोडची मुलं एकीकडे, सिडको-सातपूरची दुसरीकडे, आणि पेठ, सुरगाणा, कळवणकडून येऊन हॉस्टेलला राहिलेली मागच्या बाकांवर. पहिलं सत्र संपतं तरी बाकांची ही मांडणी हलत नाही.

ती हलवण्यासाठी एक साधी रीत आहे. प्रत्येकाने आपल्या घरातली, वापरातली एक वस्तू आणायची आणि पाच-सहा जणांत बसून तिच्याबद्दल थोडं बोलायचं. काही शाळांत 'शो अँड टेल' म्हणून असं काही करतात, पण तिथे मूल वर्गापुढे उभं राहून पाठ केलेलं म्हणून दाखवतं. इथे उभं राहायचं नाही आणि टाळ्याही नाहीत. लाजऱ्या मुलाला 'स्वतःबद्दल काहीतरी सांग' म्हटलं की तो आक्रसतो. त्यालाच 'हे काय आहे रे?' असं विचारा, तो बोलायला लागतो. वस्तू हातात असली की नजर तिच्याकडे राहते, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

हे घडवून आणायला तुम्ही वर्गशिक्षक किंवा सीआर (वर्गप्रतिनिधी) असण्याची गरज नाही. पाच जण तयार झाले तरी पुरे.

दिवस आणि गट

पहिल्या आठवड्यात करू नका. प्रवेशाच्या फेऱ्या संपलेल्या नसतात, निम्मा वर्ग अजून बदलायचा असतो. श्रावणी सोमवार टाळा, विशेषतः तिसरा. त्र्यंबक रस्त्याने येणाऱ्यांचे त्या दिवशी हाल असतात. ऑक्टोबरवर ढकलूही नका. निफाड-दिंडोरीकडे तेव्हा द्राक्षाची गोडी छाटणी सुरू असते आणि बागाईतदारांच्या घरची मुलं वर्गात कमीच दिसतात. मला सर्वांत बरा वाटतो तो गणपती आणि घटस्थापना यांच्या मधला पंधरवडा. पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये म्हणतात, पण आजी-आजोबांच्या वस्तू बाहेर काढायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

गट सहा जणांचा करा, फार तर सात. एकेकाला ६ मिनिटं धरली तर सहा जणांची ३६ होतात आणि ५० मिनिटांच्या तासाला सगळं आटोपतं. सत्तर जणांच्या वर्गाने एकापाठोपाठ एक बोलायचं ठरवलं तर ७ तास लागतील, आणि दहाव्या माणसानंतर कुणी ऐकणार नाही.

गट पाडण्याचं काम मुलांवर सोडू नका. शाळेपासूनचे मित्र एकमेकांना धरून बसतील. रोल नंबरनेही पाडू नका. बऱ्याच ठिकाणी रोल नंबर आडनावाच्या क्रमाने असतात, म्हणजे एका गटात सगळे एकाच आडनावाचे, कदाचित एकाच भावकीचे. त्यापेक्षा कोण कुठल्या दिशेने आलंय त्यावरून चिठ्ठ्यांचे ढीग करा. नाशिक शहराचा एक. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीचा एक. निफाड, येवला, चांदवड, नांदगावचा एक. कळवण, सटाणा, देवळा, मालेगावचा एक. दिंडोरी, सिन्नर आणि जिल्ह्याबाहेरचे (धुळे, नंदुरबार, जळगाव, नगर) मिळून शेवटचा. प्रत्येक ढिगातून एकेक आणि कुठल्याही ढिगातून सहावी चिठ्ठी उचलली की गट तयार. जिल्ह्यात १५ तालुके आहेत; एका गटात पाच तालुके आले तरी पुष्कळ.

निरोप साधा ठेवा. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एवढं टाकलं तरी चालेल:

"गुरुवारी शेवटच्या तासानंतर थांबायचं आहे. येताना आपल्या घरातली एक वापरलेली वस्तू आणा. नवीन विकत घेऊ नका. महागडी नको. हरवली तर जीव जाईल अशी तर मुळीच नको. आणणं जमणार नसेल तर कागदावर तिचं चित्र काढून आणा, वेडंवाकडं चालेल. ज्यांना बोलायचं नाही त्यांनी नुसतं ऐकायला या."

शेवटचं वाक्य गाळू नका. सक्ती आहे असं वाटलं की काही जण त्या दिवशी येतच नाहीत, आणि ते नेमके तेच असतात ज्यांच्यासाठी हा खटाटोप केलेला असतो.

वस्तू निवडताना

सर्वांत जास्त अडखळणं इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर.

पहिली कसोटी: वस्तू झिजलेली असावी. हात लागून लागून गुळगुळीत झालेली, दोरी बांधून चालवलेली, एक कान तुटलेली. ट्रॉफी, मेडल, प्रमाणपत्र आणू नये. त्यावर लोक 'अरे वा' म्हणतात आणि पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. मोबाइल नको, तो सगळ्यांकडे आहे. फोटोबद्दल माझं मत जरा कडक आहे. फोटो दाखवला की बोलणं 'ही ताई का?', 'तू किती बारीक होतास' यावर घसरतं. फोटोऐवजी फोटोतल्या माणसाची वस्तू आणा.

निफाडकडच्या मुलांना मी सांगतो की द्राक्षाच्या थिनिंगची कात्री आणा. घडातले जादा मणी कापायची ती लहानशी, टोकदार कात्री. मुठीला चिंधी किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली असते. येवल्याच्या विणकराच्या घरातून रेशमाचे चार धागे उरलेली कांडी येऊ शकते. पैठणी आणू नका. पैठणी आली की सगळे तिची किंमतच विचारतात. मालेगावच्या लूमचा जुना लाकडी धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) हातात घेतला की त्याचं वजन आणि टोकाचं लोखंड बघूनच प्रश्न सुचतात. लासलगावच्या बाजूचा कुणी कांद्याच्या गोण्या शिवायचं दाभण आणेल, नाहीतर बाजार समितीतली जुनी हिशेबपट्टी. एखाद्या पट्टीवर आडत-हमाली-तोलाई वजा जाता हातात काय पडलं ते वाचलं, की शेतीवरच्या कितीतरी भाषणांचं काम होतं. (पट्टीवरचं नाव आणि फोन नंबर दुमडून झाका.) सिन्नरच्या घरात आजी विड्या वळत असेल तर पानं कापायची तिची कात्री. जुन्या नाशकातल्या घरात हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा असलेलं एखादं तांब्याचं भांडं असतंच. त्या ठोक्यांवरून बोट फिरवायला सगळ्यांना आवडतं. नाशिकरोडला प्रेसमध्ये कुणाच्या दोन-दोन पिढ्यांनी नोकरी केलेली असते. सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनची आणि नोटांची १९२८ पासूनची. तिथून चिठोरंही बाहेर येत नाही. मग आजोबा ज्या डब्यातून जेवण नेत तो डबा आणा.

'माझ्याकडे आणण्यासारखं काहीच नाही' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल, बहुधा हॉस्टेलच्या मुलांकडून. एक पेटी आणि एक बॅग घेऊन आलेल्याकडे काय असणार, असं त्यांना वाटतं. त्यांना म्हणा, बॅग उलटी कर. घराची किल्ली निघेल, कुलूप नाशिकपासून ७०-८० किलोमीटरवर असताना खिशात बाळगलेली. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी असेल. लोणच्याची बरणी असेल, तिच्या झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालून वर रबर लावलेला असेल. गेल्या वर्षीचा एसटीचा पास असेल. यातलं काहीही चालतं. बरणीवर तर अख्खा गट बोलू शकतो, चवीसकट.

आणखी एक गोष्ट शहरातल्या मुलांसाठी. सुरगाणा-पेठच्या मुलाने पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) किंवा वारली चित्रच आणावं अशी अपेक्षा धरू नका, आणि तसं सुचवू तर अजिबात नका. प्रत्येक स्नेहसंमेलनात त्याच्याकडून तेवढंच मागितलेलं असतं. त्याला टेनिसचा फाटका चेंडू आणायचा असेल तर चेंडू.

काही वस्तू घरीच राहू द्याव्यात. देव्हाऱ्यातले टाक. बोहाड्याची, म्हणजे आदिवासी भागातल्या मुखवट्यांच्या उत्सवातली सोंगं; तो मुखवटा गावाचा असतो आणि त्याचे नेम असतात, तो कुणी एकट्याने उचलून आणायचा नसतो. सोनं. मूळ दाखले. गेलेल्या माणसाची एकुलती एक आठवण. आणायचीच असेल तर ती आपण का आणतोय याचा आदल्या रात्री विचार करा. धारदार काही असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात घाला. गेटवरच्या रखवालदाराला आधी सांगून ठेवलेलं बरं.

आणि एक अवघड मुद्दा, जो टाळून चालणार नाही. आपल्याकडे अवजारावरून जात ओळखायची खोड आहे. ऐरण दिसली, वस्तरा दिसला, टोपली दिसली की डोक्यात खटका पडतो. म्हणून गटात फक्त पहिलं नाव सांगायचं, आडनाव नाही, असा नियम सुरुवातीलाच करा. त्याने खोड जाणार नाही, पण त्या तासापुरता तिला आधार मिळणार नाही. 'म्हणजे तुम्ही अमुक का?' असं कुणी विचारलंच तर चिठ्ठ्या काढणाऱ्याने सरळ म्हणावं, 'ते सोड, याला इथे भोक कशासाठी आहे ते विचार.'

बसायचं कुठे

रिकामा वर्ग सर्वांत चांगला. बाक सरकवून गोल करा, मध्ये एखादी ओढणी किंवा पंचा अंथरा म्हणजे वस्तू ठेवायला जागा होते आणि सगळ्यांची नजर एकीकडे जाते. कॅन्टीनमध्ये गोंगाट असतो. मिसळीच्या ठिकाणी जमू असं कुणीतरी नक्की सुचवेल. ते नंतर करा. आजीच्या गोधडीवर तर्री सांडली की ओळख फार लवकर घट्ट होते, पण वेगळ्या अर्थाने. गोदाघाटही नको. गर्दी, फेरीवाले, आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला हे बघायला अर्धं शहर तिथे येतं.

बोलणाऱ्याने काय सांगावं

तीन गोष्टी पुरतात. ही वस्तू काय आहे आणि कशी चालते, हातात धरून दाखवत. माझ्याआधी ती कुणाच्या हातात होती. शेवटची कधी वापरली. 'ही माझ्यासाठी काय आहे' यावर भाषण करू नका. तो अर्थ ऐकणाऱ्याला आपोआप कळतो, आणि सांगायला गेलं की सगळ्यांची वाक्यं सारखीच होतात.

घरी जी बोली बोलता तिच्यात बोला. अहिराणी, कोकणा, मालेगावची उर्दू, काहीही. अडलं तर दुसरा विचारेल. पुस्तकी मराठीत बोलायचा प्रयत्न केला की माणूस अर्ध्या गोष्टी सोडून देतो.

ऐकणाऱ्याने काय विचारावं

वस्तू कितीही छान असली तरी प्रश्न चुकीचे पडले की तास वाया जातो, म्हणून गटाला हे आधीच सांगून ठेवा. नियम एकच: प्रश्न वस्तूला विचारा, माणसाला नाही.

'तुझे वडील काय करतात?' हा माणसाला विचारलेला प्रश्न. त्याचं उत्तर एका शब्दात येतं आणि कधी कधी जिवावर येतं. 'ही मूठ एकाच बाजूला का झिजली?' हा वस्तूला विचारलेला. समजा गटात सुरगाण्याचा एक मुलगा थिनिंगची कात्री घेऊन आलाय.

"ही इतकी लहान का रे?"

"मण्यांच्या मधी शिरायला पाहिजे ना. मोठी घेतली तर शेजारचा मणी दुखावतो."

"आणि ही चिंधी?"

"आईच्या अंगठ्याला फोड येतात. दिवसभर तेच काम."

"तुमच्याच बागेत?"

"नाही. दिंडोरीकडे जातो आम्ही, दिवाळीनंतर."

आता त्याच गोलात दिंडोरीची एक मुलगी बसलेली असू शकते, जिच्या घरी बाग आहे आणि जिच्या आईने मजुरीचे हिशेब लिहिलेले आहेत. ही कल्पनेतली जुळवाजुळव नाही; पेठ-सुरगाण्याची माणसं हंगामात द्राक्षपट्ट्यात कामाला जातात, आणि त्या दोन्हीकडची मुलं नाशिकच्या कॉलेजांत एकाच वर्गात बसतात. अशा वेळी गट एकदम गप्प होतो. ती शांतता भरून काढायला धावू नका, 'सगळं सारखंच असतं' छाप काही बोलू तर मुळीच नका, कारण ते सारखं नसतं. त्या मुलीने कात्री हातात घ्यावी, चालवून बघावी, आणि तिला जे माहीत आहे ते सांगावं: एका घडात किती मणी ठेवतात, तिच्या घरी कात्र्यांना धार कोण लावतं. दोघांना एकाच कामाच्या दोन बाजू माहीत आहेत. बोलणं तिथून पुढे गेलं तर जाईल. नाही गेलं तरी दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर ते एकमेकांना ओळखतात.

चांगले प्रश्न सुचत नसतील तर या पाचांवर भागतं: हे कुणी दुरुस्त केलं होतं? याआधी कुणाचं होतं? घरात हे कुठे ठेवलेलं असतं? याला हात लावायला कुणाला मनाई होती? हे नसतं तर काय वापरलं असतं? चौथा प्रश्न माझा लाडका आहे. प्रत्येक घरात अशी एखादी वस्तू असतेच, आणि ती चोरून हाताळल्याची गोष्टही.

दुसऱ्या प्रश्नात किती दडलेलं असतं याचा नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. १९०६ साली जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली होती. नवी नाणी पाडत बसण्यापेक्षा हरलेल्या राजाच्या नाण्यावरच ठोकलं. एका नाण्यात दोन मालक आणि एक लढाई. अशी नजर तयार करायची असेल तर एखाद्या रविवारी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला जाऊन या. तिथल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. गटातल्या पितळी तांब्यावर तीन नावं कोरलेली दिसली तर मग तुम्ही आपोआप विचाराल, तिसरं नाव कुणाचं?

टाळायचे प्रश्नही सांगून ठेवा. 'केवढ्याला?' नको. 'अजून हे वापरता तुम्ही?' नको, 'अजून'वर जोर पडतो आणि समोरचा कोमेजतो. 'तुमच्यात असंच असतं का?' तर अजिबात नको, कारण एका पोराला अख्ख्या गावाचं उत्तर द्यावं लागतं.

कुणाला बोलता बोलता भरून आलं तर पाण्याची बाटली पुढे करा आणि थांबा. पुढे बोलायचं की वस्तू पिशवीत ठेवायची हे त्याचं त्याला ठरवू द्या. 'पास' म्हटलं की पुढचा.

बारीकसारीक

हात लावण्याआधी विचारायचं. वस्तू त्याच दिवशी, त्याच माणसाच्या हातात परत. फोटो नाहीत. इन्स्टाग्रामवर स्टोरी तर नाहीच. गटात सांगितलेली गोष्ट गटात राहील एवढा भरवसा असेल तरच पुढच्या वेळी कुणी काही सांगेल. आठवण ठेवायचीच असेल तर एक साधी वही फिरवा. प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याच्या वस्तूबद्दल दोन ओळी लिहायच्या, स्वतःच्या नव्हे.

वेळ राखायला एक जण नेमा, पण तो बोलका नसावा. बोलका माणूस घड्याळ विसरतो.

सुरुवात कुणी करायची? ज्याने निरोप पाठवला त्याने. आणि त्याची वस्तू गटात सर्वांत क्षुल्लक असावी. पहिल्याने पणजोबांची पगडी काढली की बाकीचे आपापला डबा, चेंडू, किल्ली पिशवीतच ठेवतात. पहिल्याने शाळेतला कंपास दाखवला, झाकण मुडपलेला, आत कर्कटकाने मित्राचं नाव कोरलेला, तर सगळ्यांना धीर येतो.

एक तास झाला म्हणजे मैत्री झाली असं समजू नका. पण दुसऱ्या दिवशी 'त्या बरणीत अजून उरलंय का गं?' असं विचारता येतं, आणि 'हाय' म्हणून पुढे जाण्यापेक्षा ते बरं. दोन-तीन आठवड्यांनी चिठ्ठ्या पुन्हा टाकून गट बदला. तीच वस्तू आणली तरी हरकत नाही. नव्या गटात प्रश्न नवे पडतात आणि दुसऱ्यांदा सांगताना माणूस आधी गाळलेलं सांगतो.

शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेले चार-पाच जण प्रत्येक वर्गात असतात. ते येईपर्यंत गट ठरलेले असतात, त्यामुळे ते एकत्र मागे बसतात. त्यांचा वेगळा गट करू नका. एकेकाला एकेका जुन्या गटात घ्या, पहिल्या दिवशी नुसतं ऐकू द्या, आणि वस्तू घरी जाऊन आल्यावर आणायला सांगा. घर लांब असेल तर दिवाळीनंतर.